डोळ्यांची कात

कात फाटकी असली तर मी घेत नाही,
हे सोजरबाईला ठाऊक आहे.
बांधाच्या दगडांतून, तुरीच्या बुडख्यांतून
ती धामणीची अख्खी कात सोडवून आणते,
लुगड्यात अडकलेली बाभळीची फांदी
धागा न ओढता सोडवावी तशी.
वर्तमानपत्राची घडी पुढे करते, म्हणते,
"बग रं दिगंबर, शेपटापसून तोंडापतुर हाय."
घडी उघडायच्या आधी मी पंखा बंद करतो.

देवणीतलं आमचं दुकान पूर्वी लाटण्यांचं.
भोवरे, पाळण्याच्या खुंट्या, बाजेचे खूर.
बाप म्हणायचा, लेथवर तुझा हात हलला
की कुणाच्या तरी घरची पोळी वाकडी होते.
त्याच लेथवर मी आता पेन काढतो.

कात कोमट पाण्यात भिजवायची, चहा उकळेस्तोवर,
पोटाकडून चिरायची, म्हणजे पाठ अखंड राहते.
पितळी नळीला आधी काळा हात द्यायचा,
कारण रंग साप सोबत घेऊन जातो,
मागे नुसत्या चौकटी ठेवतो.
मग रेझिन. दोन भाग ते, एक भाग घट्ट करणारं.
पिठल्याच्या घाईनं ढवळलं की फुगे धरतात.
ओतून झालं की साचा जुन्या कुकरात
आणि वरून पंक्चरवाल्या मुनीरच्या पंपाची हवा.
त्या कुकरात बायको आता वरण लावत नाही.

उन्हाळ्यात सकाळी ओतलं की दिवेलागणीला दगड.
थंडीत दोन दिवस वाट बघावी लागते.
लेथवर चढवलं की त्या दगडालाही कात सुटते,
पांढरी, लांब, कुरळी,
पटाशीवरून मनगटावर, मांडीवर, चपलेत.
ती झाडून टोपल्यात भरतो.
ती विकत घ्यायला कुणी येत नाही.

पेन घ्यायला येतात. नांदेडचे एक वकील
उजेडात धरून विचारत होते, साप मारला नाही ना?
म्हटलं, साप आहे की.
आत्ता कुणाच्या तरी कडब्यात उंदीर हुडकत असेल.
त्याच्या जुन्या पाठीनं तुम्ही खरेदीखतावर सही करणार,
हे त्याला कुणी कळवलेलं नाही.

पौषात सोजरबाई रिकाम्या हातानं आली.
"धुकं पडलंय म्हणलं तर
दुपार झाली तरी उठंना."
मी जवळून पाहिलं.
बुबुळावर दुधाचा थेंब, न ओघळलेला.
मला आमच्या विहिरीच्या काठावरची धामण आठवली,
कात टाकायच्या आधल्या आठवड्यातली.
डोळे असेच, निळसर, ताकासारखे,
आणि पान हललं तरी फटकारायची.
सापाला पापणी नसते, मी सोजरबाईला सांगितलं.
डोळ्यावरची काचसुद्धा तो कातेबरोबर टाकतो
आणि लख्ख डोळ्यानं निघून जातो.
ती म्हणाली, "आन् माजी कोन काडतंय?"

उदगीरच्या शिबिरात काढली. एका डोळ्याची.
दुसऱ्याची तारीख दिवाळीनंतर.
हिरवी पट्टी, काळा चष्मा,
येताना एसटीत भांडून मिळवलेली खिडकी.

तोवर तिनं आणलेली शेवटची कात मी ओतून ठेवली होती.
टोपणाच्या टोकाला तोंडाकडचा भाग घेतला,
ज्वारीच्या दाण्याएवढी दोन गोल भिंगं, एकही सुरकुती नाही.
दोन हजार नंबरच्या कागदानं ओलं घासून,
धोतराच्या चिंधीनं पुसून तिच्या हातात दिलं.
ती दारात गेली. चष्मा कपाळावर चढवला.

"हिला डोळं होतं व्हय!
सा वरसं आणतेय मी,
नुसतं चाचपून आणत होते की रं."

मग पेन बोटांत फिरवत राहिली,
शेंग भरलीय का बघावं तशी, सावकाश,
आणि क्लिपजवळ थांबली.
"हितं फुगा ऱ्हायलाय बग."

होता. राईच्या अर्ध्याएवढा.
मी क्लिप मुद्दाम त्याच्यावर वाकवली होती.