अर्धा मिली

सुपडूचं पोट मी उघडलं आणि वीस मिनिटांत शिवून टाकलं.
आत यकृत कसलं,
मे महिन्यातलं तापीचं पात्र, नुसते गोटे.
वय अडतीस. दारूचा थेंब नाही.
डोक्यावर घातलेली काविळीची माळ
उतरत उतरत बेंबीपर्यंत आलेली;
भूल देण्याआधी ती आम्हीच कापली.

आधीची तीन गेली म्हणून याला जन्मतःच सुपात घालून ओढलं होतं,
मरणाला वाटावं, केर आहे, कशाला उचला.
तेवढं नाव पुरलं, अडतीस वर्षं.

दोन वर्षांनी धाकटा, दगा. तेच टेबल, तेच गोटे.
मग त्यांच्या आईचं रक्त तपासलं.
ठगूबाई बाकावर बसून होती,
कापूस वेचून ओरबाडलेली बोटं पदरात.
“हाई मनापाईन गयं का, डाक्तर?”

मी म्हणालो, नाही.

चोपड्याच्या त्या व्हरांड्यात एवढंच खोटं बोललो,
आणि सत्तावीस वर्षं ते फेडतोय.

मोटारसायकलला बर्फाचा डबा बांधून पार सातपुड्यापर्यंत.
लस तापली तर वाया, गोठली तरी वाया,
आणि बाहेर शेचाळीस.
यात्रेत गोंदणारीशी सुईवरून भांडलो.
ती म्हणाली, तुमची चालते, माझी का नाही?
गप्प बसलो.
आमचाच कंपाउंडर एकेकाळी
एका सुईवर अख्खी ओपीडी काढायचा.

सोबतचे सर्जन म्हणायचे, असला हात, आणि हा टोचत फिरतो.
खोटं नव्हतं ते. कित्येक रात्री माझी बोटं
चादरीच्या काठाला टाके घालत बसायची.
ज्याला कापून बरं करावं तो केळीचा घड घेऊन येतो.
ज्याला काही झालंच नाही,
तो काय सांगायला येणार?

परवा रात्री अडीचला दगाची लेक बाळंत झाली.
वीज गेलेली. सिस्टरनं मोबाइलचा उजेड धरला.
चोवीस तासांची मुभा असते,
मी नाळ बांधेपर्यंतच काय तो थांबलो.
करंगळीएवढी मांडी. अर्धा मिली.
पोर किंचाळलं, मग आईकडे वळलं.

ठगूबाई दारात उभी. नव्वदीची, कंबरेत वाकलेली.
हातात सूप.
तिनं मला काही विचारलं नाही.
त्या दिवशीही तिला ठाऊकच होतं, असं वाटलं.

सिस्टर तिला अडवायला निघाली.
मी म्हणालो, राहू दे. ओढू दे त्यांना.
फरशीवरून सूप खरखरत गेलं,
दारापर्यंत, आणि परत.