घडीव

पोवई नाक्यावरून खाली उतरताना
पिशवीत तीन सात नंबर एकमेकांवर खणखणत होते.
पुण्याच्या विक्रेत्यानं आठ दिवसांच्या बोलीवर दिलेले,
गळ्यात अजून किमतीच्या चिठ्ठ्या.
बारा वर्षं मी डोंगरावर लोकांच्या बॅगा वाहिल्या,
मग त्यांच्या पोरांना शिकवलं,
आता हँडिकॅप तीन, आणि जो तो म्हणतो,
कोंडिबा, आता तरी घडीव घे.

दिलावर शिकलगारानं गोल्फ कधी पाहिलेला नाही.
त्याचे पूर्वज तलवारींना पाणी द्यायचे,
तो उसाच्या कोयत्यांना देतो.
पहिला सात नंबर त्यानं नखानं वाजवून कानाशी धरला,
कलिंगड घेताना धरतात तसा.
"हा ओतीव. साच्यात पडला, निवला, बाहेर आला.
मार खाल्लेला नाही ह्यानं. आवाज बघ, कसा सांडतो."
दुसरा वाजवला. पाठ थोडी कोरलेली.
"हा लाल असताना ठोकलाय.
आवाज आतल्या आत जातो, घरच्या भांडणासारखा."

तिसरा मी स्वतःच पुढं केला.
पातळ पातं, वरची कड जुन्या रुपयाएवढी,
पाठीमागं आधाराला काही नाही.
असाच एक संच होता रुस्तमसाहेबांचा,
रोज संध्याकाळी मी ओल्या फडक्यानं पुसायचो.
एकदा म्हणाले, मार एक.
चेंडू गेला, आणि हाताला काहीच लागलं नाही.
त्या काहीच न लागण्यासाठी
मी पस्तीस वर्षं थांबलोय, दिलावर.

तो म्हणाला, "तुझा जुना दाखव."

जुन्या सात नंबराच्या तोंडावर
घासून उजळलेला एक डाग, चिंचोक्याएवढा,
मधोमध नाही, टाचेकडं दोन तांदूळ सरकलेला.
मग चार नंबर मागितला.
तिथं डाग नव्हताच,
सगळं तोंडच पुसट, हात फिरवलेल्या पाटीसारखं.
त्यानं दोन्ही माझ्यासमोर ठेवले, बोलला नाही.
मी कमानी हौदाकडं जाणाऱ्या रिक्षा बघत बसलो.
"आखूड हत्यारं तुझी झालीत," शेवटी म्हणाला,
"लांब अजून परकी आहेत.
आठापासून खाली पातळ घे.
चार ते सात, पाठ कोरलेली घे. घडीवच, पण थोडं पदरात घेणारी."
मला राग आला. मग चहा आला.

पंधरा दिवसांनी संच आला, हप्त्यावर.
दिलावरनं एकेक उलटा करून तळ पाहिला,
मग जुन्यांचे तळ पाहिले,
मग मला उभं राहायला सांगितलं, हात सोडून.
"ही उंच माणसांसाठी बनवलीत.
तू पाच फूट तीन. म्हणून टाच आधी टेकते."
इतक्या वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
मी कंबर वाकवत होतो, गुडघे वाकवत होतो,
चूक माझीच समजून.
त्यानं शेगड्यात गळा धरला, तांब्याचा पत्रा मध्ये घातला,
आणि दांडा हळू दाबला.
"ओतीव असता तर कट्कन गेला असता.
मार खाल्लेलं ऐकतं."
एक अंश. नऊही हत्यारांना एकेक अंश.
पैसे विचारले तर म्हणाला, कोयत्याचा दर, नगाला चाळीस.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिसऱ्या होलवर
गवत भिजलेलं, वर माकडं,
आठ नंबर काढला.
चेंडू नीट गेला नाही.
कोपरापर्यंत झिणझिण्या, आणि बोटांनी स्पष्ट सांगितलं:
टाच. अर्धा तांदूळ.
जुन्यानं असं कधी सांगितलं नव्हतं, तो गप्प चालवून घ्यायचा.
दिलावरला फोन लावला.
तिकडं सहाण फिरत होती, काहीतरी म्हणाला,
मला ऐकू आलं नाही.
मी दुसरा चेंडू टाकला.