कैवार

दोरू नदीच्या वरच्या वळणावर
बाप पिंपं बांधायचा.
ओकच्या सत्तावीस फळ्या, आत विस्तव,
बाहेरून ओला फडका.
फळ्या कुरकुरत वाकायच्या.
लांबून पिंप गोल दिसे.
जवळ जाऊन आतून हात फिरवला की कळे,
गोल असं काही नाहीच इथे;
सत्तावीस सरळ बाया खांद्याला खांदा लावून उभ्या आहेत
आणि एक कडं त्यांना धाकात ठेवतंय.

तळ कापताना तो फूटपट्टी घेत नसे.
खाचेत कैवाराचं टोक रोवायचा
आणि कैवार चालायला लागे,
एक, दोन, तीन,
ओठ न हलवता, चार, पाच,
सहावं पाऊल पहिल्याच भोकात पडलं
तर कैवार उघडला आहे तेवढी त्रिज्या.
पुढे पडलं तर नखभर मिटायचा,
अलीकडे पडलं तर नखभर उघडायचा.
पुन्हा फेरी.

ती सहा भोकं मी खडूने जोडायचे.
षट्कोन. मधमाशीला दाखवावा असा.
"याच मापाचं कडं कापू?"
"काप की. सांडेल ती वाइन तू पी."

कारण षट्कोनाच्या प्रत्येक बाजूमागे
एक बारीक कोर उरते,
आणि कडं जातं कोरेच्या पाठीवरून.
तीस सेंटिमीटर त्रिज्येला सहा पावलं म्हणजे एकशे ऐंशी,
वर चार बोटं आणि करंगळीचं नख.
शाळेत इडालिना बाईंनी फळ्यावर लिहिलं:
तीन, टिंब, आणि पुढे खडू संपेपर्यंत.
"याला पाय म्हणतात."
घरी सांगितलं, तर बाप म्हणाला,
"पाय असेल. पण कुठे टेकत नाही ना?
माझी चार बोटं बरी."

असा हा माणूस
वाटणीत मात्र फसला.
आजोबांचा शब्द होता, दोघा भावांना
शंभर शंभर पावलांचं कुंपण.
झेफेरीनो काकांनी पंचवीस-पंचवीसचा चौक घेतला,
नदीकाठचा.
बापाला डोंगरउताराची पायरी:
पंचेचाळीस लांब, पाच रुंद.
फिरून आला, पावलं मोजली, शंभर भरली.
सही केली.

मी अकरा वर्षांची. रात्री वहीत गुणाकार केला.
त्यांचे सहाशे पंचवीस,
आमचे दोनशे पंचवीस.
पुन्हा केला. तेवढेच.
शंभराचं कडं करून जमिनीवर ठेवलं असतं
तर आठशेला चारच कमी.
सकाळी वही त्याच्यापुढे धरली.
बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला,
"गोल मळा कोण लावतं, फेलिझमीना?"
आणि विस्तवात लाकूड सारलं.
गावात कुणी त्याचा कैवार घेतला नाही.
त्याच्याकडे होता तो पितळेचा,
एक पाय झिजून आखूड झालेला.

पुढे त्याचे हात कापायला लागले.
त्या मार्चमध्ये सहावं पाऊल
पहिल्या भोकाशेजारी पडलं, तांदळाच्या दाण्याएवढं लांब.
त्याने कैवार नखभर उघडला. मग मिटला.
पाच फेऱ्या झाल्या. तळावर भोकंच भोकं,
चाळणीसारखी.
मी मुद्दाम खिडकीकडे बघत होते.
"घे," तो म्हणाला,
आणि कैवार मिटवून नाही, उघडाच दिला.

तो तळ कुठल्याच पिंपाला लागला नाही.
आता अंगणात तिपाईवर आहे.
रविवारी झेफेरीनो काका येतात, म्हातारे झालेत,
नदीकाठच्या द्राक्षांची तक्रार करतात,
पेला ठेवतात तो नेमका
त्या दोन भोकांवर,
आणि पेला डुगडुगतो म्हणून
मलाच बोलतात.