व्याख्या पान दोनवर

छाणी रोडच्या शोरूममध्ये
गार पाण्याचा पेला पुढे सरकवत
तो मुलगा म्हणाला, "मॅडम, लाइफटाइम."
धैवत त्याचं नाव, खिशावरच्या पट्टीवर.
"एकदाच अठरा हजार नऊशे भरा,
मग अल्टरनेटर, स्टार्टर, पाण्याचा पंप,
काहीही जाऊ दे, पार्ट फुकट. लाइफटाइम."

मी विचारलं, कुणाचं?

तो हसला. वाटलं असेल, बाई गमत्या आहेत.
पण मी एकतीस वर्षं रावपुऱ्याच्या विमा कचेरीत
लोकांची आयुष्यं टाइप केलेली.
"आजीवन" हा शब्द
कार्बन घालून तीन प्रतींत काढलाय मी,
आणि दर वेळी त्याच्या डोक्यावर
एक बारीक चांदणी असायची.
तिचा अर्थ पान दोनवर, तळाशी,
मुंगीच्या अक्षरांत.
म्हणून विचारलं. माझं? गाडीचं? पंपाचं?
की या काचेच्या दुकानाचं,
जिथं गेल्या दिवाळीपर्यंत गाद्या मिळत होत्या?

धैवतनं स्क्रीनवर शोधलं.
मग आत जाऊन साहेबांना विचारलं.
साहेबांनी अहमदाबादला फोन लावला.
तोवर माझा पेला दोनदा भरला गेला.
उत्तर आलं:
गाडी तुमच्या नावावर असेपर्यंत, मॅडम,
दर सहा महिन्यांनी सर्व्हिस इथंच केलीत तर,
एकही चुकली नाही तर,
रबर, बुश, क्लच, ब्रेक, वायरी सोडून,
आणि मजुरी अर्थातच वेगळी.

आमच्या पॉलिश्यासुद्धा लाजल्या असत्या.

तरी भरले मी पैसे.
खोटं कशाला सांगू?
तिसऱ्या फेरीत लायसन मिळालेल्या,
एकसष्टाव्या वर्षी पहिली गाडी घेणाऱ्या बाईला
समोर बसून कुणी "लाइफटाइम" म्हणालं
की हात आपला आपणच पर्सकडे जातो.

आठव्या सर्व्हिसनंतर, पादरा रोडवर,
डॅशबोर्डवर लाल बॅटरी पेटली.
अल्टरनेटर.
खरं सांगते, मला आनंद झाला.
इतकी वर्षं दुसऱ्यांचे क्लेम पास केले,
आज माझा.

पावतीवर लिहिलं होतं: पार्ट, रुपये शून्य.
खाली मजुरी चार हजार दोनशे,
दोष शोधण्याचे आठशे,
बेल्ट योजनेत नाही म्हणून अकराशे.

ती पावती मी मकरपुऱ्याला नेली,
रणछोड पांचालला दाखवायला.
त्यानं हात पुसले, कागद लांब धरून वाचला,
शून्यापाशी थोडा थांबला.
"बेन, तांबं नवं गुंडाळून, बेल्टसकट
चार हजारांत दिला असता मी."
आणि गॅरंटी?
"हुं छुं त्यां सुधी," म्हणाला,
आणि खोकला.
त्याच्याकडे पान दोन नव्हतं.
भिंतीला एक खिळा होता,
त्यात टोचलेल्या पावत्या.

रात्री बेरीज मांडली. सवय जात नाही.
सुरुवातीचे अठरा हजार नऊशे.
आठ सर्व्हिस, बाहेरच्यापेक्षा
दर वेळी अडीच हजार जास्त, म्हणजे वीस हजार.
आणि हे शून्य रुपये, एकसष्टशेचे.
पुरते पंचेचाळीस हजार.
तेवढ्यात रणछोडनं
अकरा अल्टरनेटर बसवले असते,
वर चहा पाजला असता.

कार्ड अजून गाडीच्या खणात आहे,
टोलच्या चिठ्ठ्यांखाली,
माझं नाव ठळक,
चांदणी जागेवर.
जूनमध्ये नववी सर्व्हिस आहे.
धैवत आता तिथं नसतो,
तो फ्लॅट विकतो म्हणे, भायलीकडे.
जाईन बहुतेक.
हप्ता चुकवून पॉलिसी मारलेली माणसं
खिडकीपलीकडे फार पाहिलीत मी.