हातचा

एका सेंटचा फरक.
ज्या देशात एक सेंटचं नाणं चालत नाही,
गल्ल्यावर पाचाच्या पटीत मिटवून टाकतात सगळं,
तिथं, इलोमान्त्सीच्या नगरपालिकेत,
एका सेंटपायी
एइला सोर्मुनेनचा प्रवासखर्चाचा फॉर्म तीनदा परत आला.

शेरा: सही नाही.
सहीच्या जागेवर छापलंय, 'वरील आकडे मी तपासले आहेत.'
तिनं तपासले होते. म्हणूनच सही नव्हती.

घरोघरी जाते ती. म्हाताऱ्यांना गोळ्या देते,
पाय पुसते, लोकरी मोजे चढवते, पुढच्या दाराला निघते.
सोमवार: सात पूर्णांक तीन किलोमीटर,
अकरा पूर्णांक सात,
पाच पूर्णांक नऊ. दर पंचावन्न सेंट.
रकान्यांत उमटलं: चार युरो दोन, सहा चव्वेचाळीस, तीन पंचवीस.
समासात तिची पेन्सिल:
दोन न् चार सहा, सहा न् पाच अकरा,
अकराचा एक, हातचा एक.
तेरा एकाहत्तर.
खाली फॉर्मची बेरीज: तेरा सत्तर.

हातचा कुठं गेला
ते शोधायचं काम माझं.

फॉर्मचं पोट उघडलं. बाहेर तळ्यावर
बर्फ धरावा की नाही, अजून ठरत नव्हतं.
आत प्रत्येक रकाना ओठांवर एक, पोटात एक:
दाखवतो चार शून्य दोन,
धरून बसलाय चार शून्य एक पाच.
आणि बेरीज तोंडं बघत नव्हती,
पोटातलं गोळा करत होती.

सोपं आहे, म्हटलं. आधी ओळ गोल करायची, मग बेरीज.
केलं. पहिलीच ओळ म्हणाली, चार शून्य एक.
कारण यंत्राकडं तो शेवटचा पाच नसतोच मुळी,
असतं त्याहून केसभर कमी काहीतरी,
आणि केसभर कमी म्हणजे खाली.
मग दशांश चिन्हच काढून ठेवलं,
शाळेत पट्टी बाजूला ठेवावी तसं:
त्र्याहत्तर गुणिले पंचावन्न, चार हजार पंधरा.
अख्खे आकडे. त्यांना केस नसतात.
तेरा एकाहत्तर.

तेव्हा कुठं नजर गेली
सूत्राच्या वर कुणीतरी लिहून ठेवलेल्या ओळीकडं:
'गोल करायचं नंतर बघू.'
अकरा वर्षांपूर्वीची तारीख.
पुढं आद्याक्षरं. माझीच.

फोन लावला. ती गाडीत होती,
इंडिकेटर टिकटिकत होता.
म्हटलं, चूक फॉर्मची होती, म्हणजे माझी. मागचे फरक काढलेत,
तुमचे नऊ युरो बारा सेंट निघतात.
टिकटिक बराच वेळ.
'म्हणजे माझी बेरीज बरोबर होती?'
'पहिल्यापासून.'

मग ती बोलली, पैशांबद्दल नाही.
आईचं असंच सुरू झालं होतं.
आधी किराणाच्या हिशेबात एखादा आकडा,
मग महिन्यांची नावं, मग चालू राहिलेली शेगडी.
ऑक्टोबरपासून एइला रोज रात्री दिवा मालवून
शंभरातून सात वजा करत झोपते,
त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी,
डॉक्टर म्हाताऱ्यांना विचारतात तसं.
कुणाला सांगितलं नव्हतं. फॉर्मही
सांगत नव्हता कुणाला काही. नुसता परत येत होता.

मला काय बोलावं सुचेना.
नवा फॉर्म पाठवतो म्हटलं. सही करा.
ती म्हणाली, करते, आधी एकदा बेरीज बघते.
फोन ठेवता ठेवता म्हणाली,
'सातानं उतरत गेलं की शेवटी दोन उरतात. बरोबर ना?'

समोर यंत्र चालू होतं.
मी बोटांवर मोजत खाली आलो.
तीसपाशी अडखळलो, पुन्हा वरून सुरू केलं,
तेवीस, सोळा, नऊ.
ती थांबून होती.