कूलरच्या सुरात

बँडचं नाव 'हाय टेन्शन'. नाव माझं,
कोराडीहून येणाऱ्या तारांवरून सुचलेलं,
ज्या कॉलेजच्या मैदानावरून जायच्या
आणि दमट हवेत आपल्याआपण गुणगुणायच्या.
गिटारवर सुगत ढोके.
खांद्यापर्यंत केस, मे महिन्यातही लेदरचं जॅकेट,
पंचेचाळीस अंशात.
"मरशील बे," मी म्हणायचो.
"मरणं चालते. आवाज कमी नाही होत."

नऊ वर्षं नाही झाला.
गड्डीगोदामहून भाड्यानं आणलेला ॲम्प,
बटण शेवटच्या आकड्यावर, आणि तरी तो ते पिळत राहायचा.
मग डाव्या कानात शिट्टी येऊन बसली. उठलीच नाही.
धंतोलीच्या डॉक्टरांनी आलेख दाखवला,
त्यात एका जागी रेघ विहिरीत उतरलेली.
"गेलं ते गेलं. उरलेलं सांभाळा."
जिना उतरताना त्यानं विचारलं,
"गेलं म्हणजे कुठी गेलं?"
मला काय माहीत. मी बेस वाजवायचो.

बँड कोणी मोडला नाही, फोन थांबले.
ड्रमर पुण्याला गेला. मी बर्डीवर झेरॉक्स टाकलं.
सुगतनं लाल गिटार विकली,
त्यात आईसाठी नवा कूलर आला
आणि उरलेल्या पैशांत एक लाकडी गिटार, जुनी,
खोक्यासारखी, मानेत किंचित वाकलेली.

अजनीच्या रेल्वे क्वार्टरात
ज्याच्या कानात शिट्टी आहे त्याला झोप नसते.
एका रात्री, दोनच्या सुमारास, त्याच्या ध्यानात आलं
की कूलर चालू असला की शिट्टी लपते.
पत्रा, ओला वाळा, जराशी वाकडी मोटर,
सगळं मिळून एकच सूर.
त्यानं जाड तार उतरवत आणली त्या सुरापर्यंत,
जुन्या कूलरच्या पाइपाचा बोटभर तुकडा
करंगळीत घातला
आणि तारेवरून ओढला.

अंगणात खाटेवर कचरूकाका उठून बसले.
निवृत्त गँगमन, सुगतच्या बाबांच्या टोळीतले.
"काहून थांबला? रूळ सरकवताना
असाच तर आवाज निघे."
आणि त्यांनी हाक दिली, दात नसलेल्या तोंडानं:

साहेब सावलीत — हैसा!
टोळी खडीत — हैसा!
पगार कुठी? — हैसा!
सावकाराच्या मुठी — हैसा!

हाक, झेल, आणि मधे श्वासाएवढी जागा.
त्या जागेत रूळ हलायचा, काका म्हणाले.
दोन सूत. कधी एकच.

ढोकेबाबा गेले त्या रात्री सुगत स्टेजवर होता,
इंग्रजीत किंचाळत होता एका नरकाबद्दल
जो त्यानं पाहिला नव्हता.
खिशातला फोन अकरा वेळा वाजला.
यावर त्यानं गाणं केलेलं नाही.
मीही विचारलेलं नाही.

गाणी आहेत ती भलत्याच गोष्टींवर.
कचरूकाकांची दोन बोटं, जी खडीतच राहिली.
कळमन्यात रात्री पोत्यावर झोपणारा, झोपेतही मोजणारा हमाल.
दहाला गंज पालथा घालणारी तर्रीपोहेवाली,
तिच्या घरी कोणी पोहे खात नाही.
शब्द आपलेच, "करून रायला", "जाऊन रायली" असे,
जे आम्ही स्टेजवर चढताना चपलांसोबत
खाली काढून ठेवायचो.

खरं सांगतो, आधी मला आवडलं नव्हतं.
वाटलं, हरला. माझ्या दुकानातल्या खणात, स्टेपलरच्या मागे,
त्याचं डिस्टॉर्शन पेडल आहे अजून.
कधी गिऱ्हाईक नसलं की काढतो.
दाबतो. खटका होतो, बस.

काल अजनीच्या वाचनालयात गेलो होतो.
चौदा माणसं, त्यातली दोन गाडी लेट म्हणून आलेली.
माइक नाही. कूलर मात्र मुद्दाम चालू.
त्यानं पहिली ओळ म्हटली, डावा कान भिंतीकडे करून,
आणि थांबला.
श्वासाएवढी जागा.
पूर्वी तिथं मी असायचो.
माझा अंगठा आपोआप हलला.
मी तो खिशात घातला, ठेवला तिथंच.