डाव्या हाताची चिठ्ठी

फहाहीलला, समुद्राकडे पाठ करून उभ्या इमारतीत,
चौथ्या मजल्यावर घैसासबाईंच्या हॉलमध्ये
दर शुक्रवारी आम्ही पाच जण
खोटं बोलायला जमतो.
मध्ये खजुराचा रिकामा डबा, आत चिठ्ठ्या.
एक काढायची, मोठ्यानं वाचायची
आणि बारा मिनिटांनी स्वयंपाकघरातलं घड्याळ वाजेपर्यंत
पेन उचलायचं नाही.

नियम बाईंचे.
पाऊस चालणार नाही.
शेवटी दचकून जागं होणं चालणार नाही.
आईला मारायचं असेल तर आधी परवानगी.
डाबरेनं एका महिन्यात दोनदा मारली,
ती वसईला ठणठणीत,
रोज व्हिडिओवर त्याचं वजन विचारते.

आजवर निघालेल्या चिठ्ठ्या:
कुलूप हा शब्द न वापरता किल्ली लिहा.
लिफ्टमध्ये तिघं अडकलेत, तिसरा बोलत नाही.
'मी' न म्हणता माफी मागा.
या शेवटच्यात मेहरुन्निसा मुकादम एकटीच पास झाली,
रात्रपाळीवरून थेट आली होती,
बुटावर आयोडीनचा डाग.

आज निनाद कारखानीसनं काढली:
'एका माणसाचा इकामा नोव्हेंबरात संपतोय.
कंपनी वाढवणार नाही.
तीन आठवडे झाले, त्यानं बायकोला सांगितलेलं नाही.
पुढे?'

अक्षर वाकडंतिकडं, मार्करचं.
बाई म्हणाल्या, हे कुणाचं?
मी बिस्किटांची बशी पुढे सरकवली.
डाव्या हातानं एवढं लिहायला
शुएबाच्या स्टोअरमध्ये मला कालची अख्खी दुपार लागली,
व्हॉल्व्ह मोजायचे राहूनच गेले.

बारा मिनिटं.
एसीची घरघर.
खाली कुणीतरी गाडी मागे घेतंय, घेतच राहतंय.

निनादनं त्या माणसाला कॅनडाला पाठवलं.
डाबरेनं त्याला जेटीवर नेऊन हातात गळ दिला,
दीड पान मासाच लागेना,
मग लागला तो हमूर,
आणि कथा हमूरचीच झाली.
बाईंनी गावाकडे कर्ज दिलं, मुलीचं इंजिनीअरिंग दिलं,
घराचा अर्धवट स्लॅब दिला.
सगळं बरोबर,
फक्त स्लॅब माझा पुरा झालाय.

मेहरुन्निसाच्या चारच ओळी.
या वेळी तो फोनवर विचारत नाही, येताना काय आणू.
बायकोही यादी सांगत नाही.
दुसऱ्या दिवशी सकाळी ती शेजारणीकडे जाते
आणि उसनं दिलेलं शिलाई मशीन परत मागते.

कुणी बोलेना.
बाईंनी चष्मा पुसला, मग म्हणाल्या, पुढचा.

पुढचा मी.
माझ्या कथेत माणूस रोज कामावर जातो,
परत येतो, डाळ गरम करतो,
बाकी काही घडत नाही.
निनाद म्हणाला, काका, पात्र जिवंत वाटत नाही.
बाई म्हणाल्या, तीन आठवडे कुणी गप्प बसेल का हो?
पटत नाही. कारण द्या.
मी वहीत लिहून घेतलं: कारण द्या.

मेहरुन्निसा चहा देत होती.
कप घेताना माझा डावा हात पुढे गेला,
करंगळीच्या कडेला मार्करची काळी पट्टी,
ती दोन दिवस जात नाही.
तिनं पाहिली.
नर्स आहे, हात पाहायची सवयच तिला.
साखर टाकू का, एवढंच विचारलं
आणि उत्तराआधीच दोन चमचे टाकली.

गृहपाठ मिळाला: हीच कथा पुन्हा.
नुसता संवाद. वर्णन नको,
हवा नको, समुद्र तर नकोच.

खाली उतरलो. नऊ वाजलेले, म्हणजे देवरुखला साडेअकरा.
दुसऱ्या रिंगला तिनं उचलला.

'जेवलात?'

अगदीच साधी सुरुवात.
बाई ही ओळ नक्की कापायला लावतील.
असू दे.
'नाही अजून,' मी म्हटलं,
आणि पेन उचलायचं नाही
हे लक्षात ठेवून
पुढे बोलत राहिलो.